रंगीत कपड्यांचा दिवस

कपड्यांत काय आहे, हा प्रश्न सहसा ज्याचे कपडे नीटनेटके असतात तोच विचारतो. आम्ही शिक्षक मंडळी तर तो फारच विचारतो. विद्या हेच खरे भूषण, असा सुविचार फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंनी घरून निघताना साडीच्या निऱ्या दोनदा सारख्या केलेल्या असतात. त्यात वावगे काही नाही. पण तेरा-चौदा वर्षांचे पोर आरशापुढे दहा मिनिटे उभे राहिले, की त्याला आपण नटवे म्हणतो, हे मात्र मला पटत नाही.

गणवेशाबद्दल माझी तक्रार नाही. एका बाकावरच्या दोन मुलांच्या घरांत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी गणवेश ते शाळेच्या वेळेपुरते झाकून ठेवतो. सरकारनेही हे कापड शिक्षणाचाच भाग मानले; समग्र शिक्षा योजनेत आठवीपर्यंतच्या पात्र मुलांना दोन गणवेशांसाठी वर्षाला 600 रुपये धरले गेले. पण वर्षात चार-सहा दिवस असे येतात की त्या दिवशी गणवेश नको असतो. स्वतःचा वाढदिवस, सहल, स्नेहसंमेलन. मुले त्याला ‘कलर ड्रेस’ म्हणतात. त्या दिवशीच्या कपड्यांचा हिशेब कोणत्याही योजनेत नसतो. तो घराघरांत होतो, आणि पुष्कळ घरांत दिवाळीतच होऊन जातो. दिवाळीचा जोड तोच वर्षभराचा रंगीत पोशाख.

त्यात हे वय अवघड. चौथीतले मूल आईने घातले ते घालून येते. दहावीतल्याला आपल्याला काय शोभते ते थोडेफार उमगलेले असते. सातवी-आठवीतला मुलगा मात्र ना या तीरावर, ना त्या तीरावर. दिवाळीत घेतलेल्या सदऱ्याची बाही शिमग्यापर्यंत मनगटाच्या वर सरकते, आवाज फुटतो, आणि आपले हात कुठे ठेवावेत हेही त्याला कळेनासे होते. आमच्या लहानपणी यावर सोपा उपाय होता. एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे बेतायचे, आणि तेही ‘वाढत्या अंगाचे’. पहिल्या वर्षी ढगळ, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी धाकट्याला. आवडीनिवडीचा प्रश्न कोणी काढला नाही; म्हणून तो कोणाच्या मनात नव्हता असे नाही.

माझा मुलगा यंदा आठवीत आहे. त्याच्यासाठी आम्ही पनवेलच्या बाजारात लाईन आळीपासून टपाल नाक्यापर्यंत फिरलो, आणि मग ओरायन मॉलचेही मजले चढलो. चौकडीचा सदरा दाखवला, तो ‘काकांसारखा’ निघाला. मोरपिशी कुर्ता पाहून, ‘मी काय नवरदेव आहे?’ छातीवर इंग्रजी अक्षरे असलेला एक होता. त्याचा अर्थ कोणी विचारला तर काय सांगायचे, ही अडचण निघाली. दुकानदाराने गठ्ठ्यामागून गठ्ठा सोडला. अखेरीस मुलाने आपण होऊन एक गडद निळा टी-शर्ट उचलला. त्याच्यावर ना नक्षी, ना खिसा.

मी म्हटले, “अरे, हा तर रोजच्यासारखाच दिसतो.”

“म्हणूनच हवाय,” तो म्हणाला. “आई, मला कोणी काही बोलायला नको, एवढंच.”

मी कादंबऱ्या लिहिते. एखाद्या पात्राच्या तोंडी हे वाक्य घालायचे तर मला दोन पाने तयारी करावी लागली असती. या वयाच्या मुलांना मिरवायचे असते, असे आपण धरून चालतो. काहींना मिरवायचे असतेही. पण पुष्कळांना कपड्यांत आडोसा हवा असतो. गणवेश जो आडोसा फुकट देतो, तो या एका दिवशी त्यांना स्वतः शोधावा लागतो.

मग साध्या राहणीचे काय, असे एखादे आजोबा विचारतील आणि गांधीजींचे उदाहरण देतील. सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईला गांधीजींनी सदरा-टोपी सोडली आणि आखूड पंचा धरला, हे खरे. पण तेव्हा ते 51 वर्षांचे होते. लंडनचा उंची पोशाख करून झाला होता, आणि सोडायचे ते त्यांनी स्वतः विचार करून सोडले होते. तेरा वर्षांच्या मुलावर मोठ्यांनी घातलेल्या साधेपणाला व्रत कसे म्हणावे? तो आपल्या खिशाचा हुकूम असतो, नाहीतर आपल्या मताचा. खिशाचा असेल तर सरळ सांगावे, “बाळा, एवढेच पैसे आहेत.” मुलांना ते समजते. त्याला तत्त्वज्ञानाचा मुलामा दिला, की तेही त्यांना समजते.

आणि कपड्यांत काय आहे, हे आमच्याच जिल्ह्याने एकदा चांगले पाहिले आहे. पनवेल आणि महाड दोन्ही कुलाबा जिल्ह्यात होती, त्या काळची गोष्ट. डिसेंबर 1927 मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या बायकांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. लुगडे नेसण्याची ठराविक तऱ्हा आणि अंगावरचे जड, ओबडधोबड दागिने यांवरून जात लांबून ओळखू येते. ती ओळख पुसून टाका, लुगडे पायघोळ नेसा, असे त्यांनी सांगितले. ठिगळे असली तरी चालतील, पण कपडा स्वच्छ असू द्या, असेही सांगितले. बायकांनी नेसण बदलली. तळ्याच्या पाण्यासाठी लढणाऱ्या माणसाला त्या गर्दीत लुगड्याच्या काठाबद्दल बोलायला सवड होती. आपण कसे दिसावे हे दुसऱ्याने ठरवलेले असणे म्हणजे काय, ते त्या बायकांना कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. कुठे ती जन्माची सक्ती आणि कुठे माझ्या मुलाचा टी-शर्ट! दोन्ही एका तागडीत घालायचा माझा हेतू नाही. पण कपड्याला क्षुल्लक म्हणून वाटेला लावण्याआधी महाड आठवावे, एवढेच.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत दर वर्षी सूचना येते, की रंगीत कपडे बंदच करून टाकावेत. कारण प्रत्येक वेळी दोन-तीन मुले गणवेशातच येतात आणि विचारले तर “विसरलो” म्हणतात. असला दिवस या वयात कोणी विसरत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सूचनेमागची कणव मला कळते. तरी मी हात वर करत नाही. चारचौघांपुढे कसे उभे राहायचे हे ठरवायला वर्षातून चार दिवस मिळतात, तेही काढून घेतले तर मुलांनी ते शिकायचे केव्हा? गरिबी झाकायची तर ती शाळेने इतर तीनशे दिवशी झाकावी. सहलीची वर्गणी, वाढदिवसाची चॉकलेटे, तिथे पुष्कळ काम पडले आहे.

गेल्या स्नेहसंमेलनात माझ्या वर्गातला एक मुलगा असाच गणवेशात आला. सदरा नीळ घालून धुतलेला, इस्त्री कडक, भांग सरळ. शेजारच्याने विचारले तेव्हा तो “विसरलो” म्हणाला नाही. “मला हाच घालायचा होता,” म्हणाला. ते खरे होते की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मागच्या बाकावरचे दोघे हसले, बाकी कोणी हसले नाही. मी हजेरीपट उघडला आणि नावे वाचायला लागले.