डाव्या कानापासून

हात धुवा आणि नीट कोरडे करा. तेल, क्रीम काही राहू देऊ नका. अंगठी आणि घड्याळही काढून ठेवा. खिडकीजवळच्या टेबलावर, पण थेट उन्हात नव्हे, एक धुतलेला पांढरा पंचा अंथरा. जुन्या टेडीला त्यावर उताणं निजवा. पंचा पांढरा हवा, कारण त्याच्या अंगातून काही गळत असेल तर ते त्यावर उठून दिसतं. आता हात मांडीवर ठेवा आणि नुसतं पाहा.

मनात पहिली इच्छा येते ती त्याला स्वच्छ करण्याची. मग तुटलेला डोळा लावावा, फाटका तळवा बदलावा, निदान गळ्यात एखादी रिबीन तरी बांधावी असं वाटू लागतं. ही माया खरी आहे. ती उठू द्या, तिच्याकडे पाहा, आणि हात तिथेच राहू द्या. हे अस्वल कधी आणि कशाचं बनलं ते कळल्याशिवाय त्याला पाणी सोसेल का, हे सांगता येत नाही. त्याला ओळखण्यातच त्याची अर्धी शुश्रूषा होते.

डाव्या कानाकडे या. कान दोन बोटांत अलगद धरा. तिथे धातूचं छोटं बटण आहे का? नसेल तर एखादं भोक, गंजाची तांबूस खूण? श्टाइफ कंपनीने 1904 पासून आपल्या खेळण्यांच्या डाव्या कानात बटण ठोकायला सुरुवात केली. सुरुवातीच्या बटणांवर हत्ती असे, काही कोरी असत, मग कंपनीचं नाव आलं. कित्येक घरांत आईवडिलांनीच ते बटण उपटून टाकलं, मुलाने गिळू नये म्हणून. उलट, जुनं बटण दुसऱ्याच अस्वलाच्या कानात बसवून विकणारेही असतात. म्हणून बटण सापडलं तरी लगेच निकाल देऊ नका, आणि नसलं तरी हिरमुसू नका.

कान हातात आहे तोवर जर्मनीतल्या गींगन गावाची आठवण करा. तिथे 1847 साली मार्गारेटे श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. पाय गेले, उजवा हात दुबळा राहिला. शिलाई यंत्राचं चाक उजव्या हाताने फिरवता येईना, तेव्हा तिने यंत्रच उलटं फिरवून ठेवलं आणि डाव्या हाताने शिवू लागली. 1880 मध्ये तिने फेल्टचा एक हत्ती बनवला, टाचण्या खोचून ठेवण्यासाठी. मुलं त्याच्याशी खेळू लागली आणि तिथून खेळण्यांचा धंदा उभा राहिला. तिचा पुतण्या रिचर्ड श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात अस्वलांची रेखाटनं करत असे. 1902 मध्ये त्याने हातपाय हलणारं, 55 सेंटिमीटरचं अस्वल तयार केलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायचं नाकारलं, बेरीमन या व्यंगचित्रकाराने त्या प्रसंगाचं चित्र काढलं, आणि ब्रुकलिनच्या मिक्टम दांपत्याने रूझवेल्टांच्या ‘टेडी’ या लाडक्या नावाचं अस्वल दुकानात मांडलं. दोन्हीकडच्यांना एकमेकांची खबर नव्हती. पुढच्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने गींगनच्या अस्वलांची हजारोंनी मागणी केली. 1907 या एका वर्षात श्टाइफने 9,74,000 अस्वलं बनवली.

एवढा मोठा आकडा ऐकून झाल्यावर तुमच्या समोरच्या एकाच अस्वलाकडे परत या. त्याच्या पोटावर, केसांखाली, एक शिवण शोधा. बाकीच्या शिवणी यंत्राच्या आणि आतून असतील. ही मात्र पोटात भरण घालून झाल्यावर बाहेरून हाताने मिटवलेली. जुन्या अस्वलांत ती बहुधा छातीपोटावर असते, काहींच्या पाठीवर. बोट तिच्यावर नुसतं ठेवा. टाके कुठे जवळ, कुठे लांब आहेत. गींगनमधल्या कितीतरी बायका असं शिवणकाम घरी घेऊन जात. तुमच्या बोटाखालचे टाके त्यांच्यापैकी एकीचे असू शकतात. बटणावर कंपनीचं नाव आहे, तिचं कुठेच नाही. अस्वल कोणत्याही कारखान्याचं असो, हे टाके कोणीतरी एका माणसानेच घातलेले आहेत. मला वाटतं, ओळख पटवताना इथे सर्वांत जास्त वेळ थांबावं.

डोक्याकडे पाहा. नाकापासून कपाळावरून मध्यभागी एक उभी शिवण गेलेली दिसली तर ती दुर्मीळ खूण समजतात. श्टाइफकडे कापडाच्या रुंदीत सहा डोकी बसत, सातवं दोन तुकडे जोडून काढत. एक वीतभर कापडही वाया जाऊ नये, एवढीच त्यामागची दृष्टी होती.

आता डोळे. सगळ्यांत जुने डोळे म्हणजे बुटांची काळी बटणं. नंतर काच आली. 1948 मध्ये वेल्समध्ये वेंडी बॉस्टन यांच्याकडे आतून पक्के बसवलेले, मुलाला ओढून काढता न येणारे डोळे सुरू झाले, आणि 1954 मध्ये त्यांनी पूर्ण धुता येणारं अस्वल आणलं. हे दुसरं साल लक्षात ठेवा. त्याआधीची अस्वलं पाण्यासाठी बनलेलीच नव्हती.

आता तुमचा कान त्याच्या पोटाजवळ न्या आणि एका बोटाने हलकेच दाबा. आत करकर झाली, पोट टणक लागलं, तर लाकडाचा बारीक, लांब, कुरळा कीस भरलेला आहे. मऊ आणि वजनाला हलकं लागलं तर कापोक असेल, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस; आपल्या जुन्या उशांतल्या सावरीच्या कापसाचाच भाऊबंद. पंच्यावर पिवळसर पूड सांडली असेल तर आत फोम असून तो विरत चालला आहे. खांद्यात आणि मांडीत पुठ्ठ्याच्या चकत्या असतात. पाणी आत गेलं की पुठ्ठा फुगतो, कीस कुजतो, खिळ्या गंजतात, आणि वरून स्वच्छ दिसणारं अस्वल आतून मरू लागतं.

केस दोन बोटांत धरून पाहा. मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीची लोकर, जुनी झाली तरी चमक धरून असते. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली नवा कृत्रिम धागा पांढराफटक उजळतो, जुना सहसा नाही. मात्र मधल्या काळात कोणी आजच्या साबणपावडरीने धुतलं असेल तर जुनंही उजळेल.

इथवर आपण ते बनवणाऱ्यांना शोधलं. आता श्वास सावकाश होऊ द्या आणि जिथे केस नाहीत तिथे पाहा.

टक्कल सगळीकडे सारखं नसतं. नाकाचा धागा झिजून गेलाय, तिथे कोणाचे तरी ओठ टेकत असत. एक खांदा सैल आहे, कारण त्याच हाताला धरून त्याला जिन्यावरून ओढत नेलं असावं. पोटाची एक बाजू गुळगुळीत आहे, ती झोपेत कुशीला असायची. कोण्या आजीने वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने कान पुन्हा शिवलाय; दोरा विजोड आहे, टाका भक्कम आहे. हे सगळं तुम्ही अंदाजाने म्हणाल, आणि तसंच म्हणावं. पण अंदाज बांधायला जागा ठेवली आहे ती या झिजेनेच.

म्हणून नवे फेल्टचे तळवे लावून जुने काढून टाकणं मला पटत नाही. तळवा विरला असेल तर त्याच रंगाची तलम जाळी वरून घाला आणि कडेने, जुन्या भोकांतूनच, सैल टाक्यांनी धरा. पुढे कोणाला ती उसवावीशी वाटली तर उसवता आली पाहिजे. गळालेला डोळा, सुटलेला दोरा, काहीही फेकू नका; छोट्या पाकिटात ठेवून वर लिहा. बाजारालाही हे कळतं: 1904 चं ‘टेडी गर्ल’ हे श्टाइफ अस्वल 1994 मध्ये लंडनला क्रिस्टीज्‌च्या लिलावात 1,10,000 पौंडांना गेलं. त्याचे मालक कर्नल बॉब हेंडरसन यांनी ते लहानपणापासून आयुष्यभर सांभाळलं होतं, आणि ते कोणाचं, कुठे राहिलं, हे सगळं माहीत होतं.

आता स्वच्छता, हळूच. मऊ ब्रशने केसांच्या दिशेने धूळ झाडा. व्हॅक्यूम वापरायचा तर नळीच्या तोंडावर मलमलीचा तुकडा बांधून, अगदी कमी जोरावर. डाग फार असेल तर सौम्य साबणाचा नुसता फेस, पाणी नव्हे, आधी काखेसारख्या झाकल्या जागी. मग ओलसर कापडाने टिपून वाऱ्यावर सावलीत वाळवा. इस्त्री नको, ड्रायर नको, ऊन नको.

काखेत, कानांच्या मुळाशी, शिवणींच्या घडीत पाहा. लोकरीला कसर लागते तशी मोहेरलाही लागते. बारीक जाळी, वाळूसारखे कण, रिकाम्या कातड्या दिसल्या तर अस्वल प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतात, आणि बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडत नाहीत, म्हणजे दव अंगावर न धरता पिशवीवर धरतं. काचेचे डोळे असतील तर आधी वस्त्रसंवर्धकाला विचारा. डांबराच्या गोळ्यांचा वास एकदा भरणात मुरला की निघत नाही, आणि मग ते कुठल्या मुलाच्या हाती देता येत नाही. कडुलिंबाचा पाला अंगाला लागला तर डाग पाडतो.

ठेवायचं ते धुतलेल्या सुती कापडात, पुठ्ठ्याच्या आम्लरहित खोक्यात, बसतं तसंच बसवून. पिशवीत कायमचं कोंडू नका. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा. पावसात त्या भिंती ओल धरतात.

खोकं मिटण्यापूर्वी सुती फितीच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहा: अस्वल कोणाकडून आलं, कोणाचं होतं, त्याला काय नावाने हाक मारत. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा. जे आपण ताडलं त्यापुढे ‘अंदाज’ असं लिहा. फीत टाचू नका, पायाभोवती सैल बांधा. आणि दसऱ्याच्या साफसफाईत खोकं उघडा, काखा आणि कान आधी तपासा, पंचा पुन्हा पांढराच घ्या.