अंगठ्यापूर्वी अर्थ

धुळे व जळगाव जिल्ह्यांतील आपल्या पुष्कळ कुटुंबांत घरची बोली अहिराणी, भिल्ली किंवा पावरी आहे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी पुढे येणारे संमतिपत्र पुष्कळदा इंग्रजीत अथवा जड मराठीत असते. ज्याचा अर्थ कळला नाही, त्यास दिलेली संमती ही संमती होय काय?

दिल्लीतील एका स्त्रीने भूल घेऊन पोटाची तपासणी करून घेण्यास संमती दिली होती. ती बेशुद्ध असता तिच्या आईची अनुमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय काढिले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, प्राणावर बेतले नसता असे करणे अनधिकृत होय. आणि उपचार कोणता, लाभ व धोका काय, दुसरा मार्ग आहे काय, हे रुग्णास अगोदर कळले पाहिजे.

कोणी म्हणेल, डॉक्टरांवर विश्वास असावा. असावाच; परंतु प्रश्न विचारल्याने खरा विश्वास मोडत नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लेवी नियमशास्त्र नुसते वाचून थांबले नाहीत. त्यांनी लोकांस अर्थ समजाविला. देवाच्या वचनाची ही रीत, तर मनुष्याच्या कागदाची का नसावी?

यास्तव उपदेशक बंधूंनो, रुग्णाबरोबर जाल तेव्हा कागद त्याच्या बोलीत सांगा. तुम्हांस न कळे ते डॉक्टरांस विचारा. मग रुग्णाने तेच आपल्या शब्दांत सांगावे, आणि नंतरच अंगठा करावा. हा देह देवाने त्याच्या स्वाधीन केला आहे. त्याविषयीचा होकार वा नकार त्याचाच असो.