गृहिणीचा विसावा : उपकार की देणे?

आपल्या खेड्यांत एक प्रश्न क्वचितच मोठ्याने विचारला जातो, परंतु तो घरोघरी वसत असतो. घरच्या स्त्रीने काही काम नसता मैत्रिणीकडे जावे, चारचौघींसह एखादा दिवस गावाबाहेर आनंदात घालवावा, हे योग्य की अयोग्य? आणि योग्य असेल, तर तो घरच्यांनी तिच्यावर केलेला उपकार होय, की तिला चुकते करावयाचे देणे होय? प्रश्नाचा हा दुसरा भाग अधिक अवघड आहे, म्हणून त्याचाच येथे विचार करू.

प्रथम तिचा दिवस पाहा. कोंबडा आरवण्यापूर्वी उठणे, केरवारे, पाणी, चूल, भाकरी, लेकरांचे व वृद्धांचे करणे. मग शेतावर खुरपणी. आणि सायंकाळी पुन्हा तीच चूल. सन २०१९ मध्ये भारत सरकारने लोकांचा वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली. तीत असे दिसून आले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दररोज सरासरी २९९ मिनिटे घालवितात, व ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८१ जणी हे काम करीत होत्या, तर शंभर पुरुषांपैकी केवळ २६ जण. या पाच तासांची मजुरी कोणी दिली नाही, व ती कोणी मागितलीही नाही.

पूर्वी या कष्टांतच मैत्री लपलेली असे. पहाटे जात्याच्या एकाच खुंट्याला दोघी समोरासमोर बसून हात लावीत, व दळता दळता एकीने मनातले गावे आणि दुसरीने त्याला साथ द्यावी असे चाले. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून स्त्रियांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, लेकरे, असा सारा संसार त्यांत आला आहे. आता गावोगाव गिरणी आली आहे, व पुष्कळ ठिकाणी नळही आला आहे. कष्ट हलके झाले ही आनंदाची गोष्ट होय. जाते पुन्हा यावे असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु जात्याबरोबर समोर बसणारीही उठून गेली, हे आपल्या ध्यानात आले नाही.

आपल्या मंडळ्यांत आणखी एक गोष्ट घडली. वाडवडिलांनी नवा मार्ग धरिला, तेव्हा पुष्कळ घरांतून जत्रा व जुने सण सुटले. पुरुषाला बाजार राहिला, पार राहिला, पंचांची बैठक राहिली. स्त्रीचे मात्र नागपंचमीचे झोके व झिम्माफुगडी गेली, आणि हेच तर तिचे वर्षातील मोकळे दिवस होते. मूर्तिपूजा सोडणे ही एक गोष्ट, आणि सखीचा हात सोडणे ही दुसरी. पहिली आपण समजून उमजून केली. दुसरी न सांगता तिच्यावर येऊन पडली. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. मग आपल्या विसाव्याच्या रविवारी, पाहुणे घरी आले असता, चुलीपुढे कोण बसते, याचा विचार करा. जो विसावा दुसऱ्याच्या पाठीवर घेतला जातो, त्यास विसावा म्हणावे काय?

कोणी म्हणेल, "बाया एकत्र जमल्या की चहाड्या करितात." चहाडी पारावर होत नाही काय? तरी पारावर बसणाऱ्यास आपण घरी कोंडून ठेवीत नाही. दुसरा म्हणेल, "ती गेली तर घर कोण पाहील?" या प्रश्नातच त्याचे उत्तर आहे: जे घर एका दिवसाकरिताही तिच्यावाचून चालत नाही, त्या घराचे तिला देणे किती थकले असेल!

यापेक्षाही गंभीर गोष्ट पुढे आहे. जिला मैत्रीण नाही तिचे दुःख घराबाहेर जात नाही. आजार, मारहाण, उपासमार ही भिंतीआड राहतात. सून खंगत चालली हे घरच्यांच्या पूर्वी पुष्कळदा शेजारणीच्या दृष्टीस पडते. सखी ही केवळ करमणुकीची सोबत नव्हे. ती साक्षीदार आहे. पवित्र शास्त्रातही, मोठा प्रसंग येताच मरीया त्वरेने यहूदाच्या डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे गेली व सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. त्या भेटीस कोणी आळस म्हटले नाही.

लक्ष्मीबाई टिळक यांचे उदाहरणही आपणांस जवळचे आहे. त्यांस शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. सन १८९५ मध्ये पती ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, व सन १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत निघाली. त्यांत लढाया नाहीत की राज्यकारभार नाही. आहे तो संसार, प्रवास, शेजार, लेकरे, रुसवे आणि हसणे. तरी तो ग्रंथ मराठीचे भूषण मानला जातो. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईंचे मन सर्व प्रकारच्या माणसांत वावरून विशाल झाले. दाराआड कोंडलेले मन कितीही चांगले असले, तरी त्याला वाढावयास जागा कोठून मिळावी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उपकार करणारा मनात येईल तेव्हा तो परत घेतो, व घेणाऱ्याने नेहमी मान खाली घालून राहावे लागते. देण्याची गोष्ट तशी नाही. मजुराचे वेतन देऊन कोणी त्याला आभार मानावयास लावीत नाही. ज्या स्त्रीने वर्षभर घरास आपला वेळ दिला, तिचा थोडासा वेळ तिला परत करणे हे वेतनच आहे. म्हणून "मी तिला जाऊ देतो" असे म्हणणाऱ्या भल्या गृहस्थानेही आपला शब्द तपासून पाहावा.

उपदेशक बंधूंस विनंती की, सुगी आटोपल्यावर गावातील स्त्रियांसाठी एक दिवस ठरवावा. नदीकाठी, एखाद्या आमराईत किंवा शेजारच्या गावी त्यांनी जावे. तेथे व्याख्यान ठेवू नये, वर्गणी मागू नये. त्यांस बोलू द्यावे, गाऊ द्यावे, हवे तर स्वस्थ बसू द्यावे. शेजारच्या हिंदू व मुसलमान भगिनी येतील तर त्यांसही आनंदाने बोलवावे. त्या दिवशी भाकरी पुरुषांनी थापाव्या. करपल्या तरी मुकाट्याने खाव्या. आणि सायंकाळी त्या परत येतील, तेव्हा त्यांच्यासाठी पाणी तापवून ठेवावे.