उच्छ्वासाचा धडा

श्वास माणसाच्या मालकीचा असतो की त्याच्याकडे काही काळ ठेवायला दिलेला असतो, हा प्रश्न फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या रुग्णापुढे जिन्याच्या चौथ्या पायरीवर धाप लागते तेव्हा उभा राहतो. श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या सीओपीडी या विकारात खरी अडचण हवा आत घेण्यापेक्षा ती बाहेर सोडण्याची असते. लवचिकपणा गमावलेल्या नलिका उच्छ्वासाच्या वेळी मिटतात, शिळी हवा छातीत कोंडते आणि ताज्या हवेला जागा उरत नाही. म्हणून पुनर्वसनात, म्हणजे व्यायाम, श्वसनाची तालीम आणि रोगाची समज यांची सांगड घालणाऱ्या उपचारात, ओठांचा चंबू करून, गरम चहावर हलकी फुंकर घालावी तसा, सावकाश श्वास सोडायला शिकवतात, कारण त्यामुळे नलिकांत थोडा दाब टिकून त्या उघड्या राहतात. झिजलेले फुप्फुस यामुळे पूर्ववत होत नाही, मात्र धाप आटोक्यात येते.

योगसूत्रांत प्राणायामाची व्याख्या श्वासप्रश्वासाच्या गतीचा विच्छेद अशी येते, आणि त्यामुळे कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, हेच साधनेचे शिखर मानले जाते. परंतु ज्याच्या छातीत हवा आधीच अडकली आहे, त्याचा गुरू रेचक, म्हणजे श्वास बाहेर सोडणे, हाच होय. ‘प्राण सोडणे’ याचा अर्थ मराठीत मरणे असा होतो, आणि दम कोंडलेला माणूस नेमका याच भीतीने हवा धरून ठेवतो.

न्यूझीलंडच्या माओरी परंपरेत या भीतीला एक वेगळे उत्तर मिळते. तेथील सृष्टिकथेत ताने हा देव कुरावाका येथील मातीतून हिने-आहु-ओने ही पहिली स्त्री घडवतो आणि तिच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. या श्वासाला ‘हा’ म्हणतात, आणि होंगी या अभिवादनात दोन माणसे नाकाला नाक लावून तोच श्वास वाटून घेतात. श्वास मुळात दुसऱ्याकडून आलेला असेल, तर तो सोडणे हे गमावणे न राहता परत देणे ठरते. वाटलेल्या श्वासातून रोगही पसरतो, हे 2020 च्या साथीत होंगी थांबवावी लागली तेव्हा दिसलेच, आणि युरोपीयांबरोबर आलेल्या तंबाखूने याच समाजाची फुप्फुसे अधिक पोखरली, हे दुःख कोणत्याही कथेने झाकता येणार नाही.

माओरी मानसोपचारतज्ज्ञ मॅसन ड्युरी यांनी 1980 च्या दशकात मांडलेल्या ‘ते फारे तापा फा’ या प्रतिमानात आरोग्य हे देह, मन, आत्मा आणि कुटुंब या चार भिंतींचे घर आहे. या विचाराचा विसर पडला की श्वसनाचा व्यायाम केवळ एका भिंतीची डागडुजी होऊन बसतो. वेलिंग्टनमध्ये सीओपीडीच्या रुग्णांसाठी चाललेल्या समूहगायनाचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात सहभागी रुग्णांनी दमाविषयी जितके सांगितले तितकेच एकमेकांच्या सोबतीविषयीही सांगितले. गाणे म्हणजे मुळात लांबवलेला उच्छ्वासच: ओळ संपेपर्यंत तो पुरवावा लागतो, आणि मध्येच एखाद्याचा दम सरला तर तो पुन्हा श्वास घेईपर्यंत शेजारचे सूर धरून ठेवतात.