थकवा हा अपराध आहे काय?

इंदूरच्या राजेंद्रनगरात थायरॉइडची गोळी नित्य घेणाऱ्या भगिनी आमच्या माहितीत बऱ्याच आहेत. रक्ततपासणीचा आकडा बरोबर येतो, तरी थकवा, थंडी, विसर चालूच. मग घरचे म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे, आता आळस सोडा." कोणी तर विश्वास उणा पडला असेही सुचवितात! हा न्याय आम्हांस मान्य नाही.

केंडॉल यांनी १९१४ साली, नाताळच्याच दिवशी, थायरॉक्सिन वेगळे केले. उपकार मोठा खराच. पण आकडा रक्ताविषयी बोलतो, साऱ्या माणसाविषयी नव्हे. गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घेतली जाते काय? लोहाची व कॅल्शियमची गोळी चार तास दूर ठेवली आहे काय? पांडुरोग, बी-१२ ची उणीव, अपुरी झोप यांविषयीही डॉक्टरांना विचारावे. मात्रा मात्र मनाने वाढवू नये. हृदयास व हाडांस अपाय होतो. इतके करूनही काहींचा थकवा राहतोच, हे वैद्यकशास्त्रही मानते.

एलीया थकून झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला बोल लावला नाही. भाकर व पाणी दिले, आणि तो पुन्हा निजला. संडे स्कूलच्या एखाद्या बाईंनी रविवारची सुटी मागितली, तर रिपोर्ट न विचारता तो वर्ग कोण घेणार एवढेच ठरवावे.