जीर्णोद्धार आणि चंद्रकोरी

जीर्ण वस्तू दुरुस्त करणारा मनुष्य दुरुस्ती करता करता त्या वस्तूविषयी काही सांगतही असतो, ही गोष्ट आमच्या ध्यानी फार उशिरा आली. व्यवसायाने आम्ही वकील. सांगणे म्हणजे शब्द आणि शब्द म्हणजे कागद, हा वीस वर्षांचा संस्कार. लोखंडही साक्ष देते, आणि प्रसंगी खोटी साक्ष देते, याचा प्रत्यय आम्हास न्यायालयात नव्हे, तर बेळगावातील आमच्या घराच्या मागल्या पडवीत आला. तेथे एक जुने मिलिंग मशीन उभे आहे. त्याच्या निमित्ताने जो प्रश्न आम्हापुढे पडला तो वाचकांपुढे मांडावा असे पुष्कळ दिवस मनात होते. गेल्या महिन्यात त्याचे उत्तर देण्याचा प्रसंग आम्हावरच आला, तेव्हा आता टाळाटाळ नको.

ज्यांचा या यंत्राशी परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लेथमध्ये जॉब फिरतो व हत्यार एका जागी असते. मिलिंग मशीनमध्ये हत्यार फिरते आणि टेबलावर बांधलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. आमचे यंत्र ब्रिजपोर्ट घाटाचे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरी रुडॉल्फ बॅनॉ आणि मॅग्नस वॉलस्ट्रॉम या दोघांनी १९३८ साली हा घाट प्रथम बाजारात आणला. पुढे इंग्लंडात लेस्टर येथील अ‍ॅडकॉक अँड शिप्ली यांच्या कारखान्यातही ही यंत्रे होऊ लागली, आणि आमचे त्याच कुळीतले आहे. वजन सुमारे एक टन, टेबल साडेतीन फूट लांब. उभ्या खांबावर पुढे आलेला जो भाग वर-खाली होतो त्यास इंग्रजीत गुडघ्याचेच नाव आहे. आम्हीही त्यास गुडघाच म्हणू. गुडघ्यावर सॅडल मागे-पुढे सरकते, आणि सॅडलवर टेबल डावी-उजवीकडे.

वकिलाने हे लोढणे घरी का आणावे, असे आमच्या घरातच प्रथम विचारले गेले. याचे समर्थन कठीण आहे. ज्या गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान मांडले, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविण्यापूर्वी लोखंडी नांगर घडविले, त्या गावच्या हवेतच लोखंडाची धूळ आहे, एवढेच म्हणता येईल. उद्यमबागेत अशिलाच्या कामासाठी गेलो की आमचे डोळे दाव्याच्या कागदांपेक्षा मागच्या यंत्रांकडेच अधिक लागत.

यंत्र आम्ही एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून घेतले. गर्द हिरवा रंग, चकचकीत हँडले, आणि गुडघ्याच्या सरकत्या पाटांवर ओळीने कोरलेल्या लहान लहान चंद्रकोरी. या चंद्रकोरींनीच आमचे मन जिंकले, आणि त्यांचा अर्थ सांगितल्यावाचून पुढची हकीकत समजावयाची नाही.

यंत्राचे सरकते पाट केवळ यंत्रावर घासून खरे होत नाहीत. प्रमाण मानलेल्या सपाट लोखंडी पाटावर निळ्या रंगाचा पातळ हात देतात व त्यावर हा पृष्ठभाग टेकवितात. जेथे उंचवटा असेल तेथे निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका हातातील स्क्रेपरने खरवडावयाचा, पुन्हा टेकवावयाचा, पुन्हा खरवडावयाचा. असे कित्येकदा केल्यावर ठिपके दाट होत जातात, आणि उत्तम कामात एका चौरस इंचात वीसच्या आसपास भरतात. मधल्या सूक्ष्म खळग्यांत तेल टिकते. शेवटी स्क्रेपरच्या विशिष्ट झटक्याने चंद्रकोरी काढतात. त्याही तेल धरतात, आणि शोभाही देतात. सरकून सरकून पाट झिजला की चंद्रकोरी पुसट होतात. म्हणून जाणता ग्राहक प्रथम त्याच पाहतो. चंद्रकोर स्पष्ट, तर पाट निरोगी, असा तिचा संकेत आहे.

पण प्रमाण मानलेला पाट तरी खरा कशावरून? वकिलाच्या मनात हा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४० साली ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे वाचलेल्या निबंधात सपाट पृष्ठभाग सिद्ध करण्याची रीत विशद केली होती. दोन पाट एकमेकांशी तंतोतंत जुळले म्हणजे ते सपाट ठरत नाहीत. एक किंचित फुगीर व दुसरा तितकाच खोलगट असला तरी जुळणी निर्दोषच दिसेल. म्हणून तिसरा पाट घ्यावयाचा, आणि तिघांची आळीपाळीने एकमेकांशी गाठ घालावयाची. तिघेही परस्परांशी जुळले तरच तिघेही सपाट. दोन साक्षीदारांचे जबाब शब्दशः जुळले की कनिष्ठ वकील आनंदित होतो; मुरलेला वकील तिसऱ्याचा शोध घेऊ लागतो. हे तत्त्व आमच्या शास्त्रापेक्षा त्या लोहाराच्या शास्त्रात अधिक स्वच्छ सांगितले आहे, असे आम्हास वाटते.

आता आमच्या यंत्राकडे वळू. पहिल्याच महिन्यात ध्यानात आले की टेबल मध्यावर सैल व टोकांकडे जड चालते. हँडल इंचाचे चाळीस सहस्रांश फिरविल्यावर मग कोठे टेबल हलू लागे. आमचे एक निवृत्त फिटर स्नेही आहेत. त्यांनी गुडघ्याच्या पाटावरून नखाची कड फिरविली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, ही चंद्रकोर काल उगवलेली आहे." त्यांनी निळा रंग लावलेली सरळ पट्टी पाटावर टेकवून उचलली. दोन्ही टोकांस निळे ठिपके उमटले. मधला सारा भाग कोरडा. आणि त्या कोरड्या खळग्यातच चंद्रकोरी सर्वांत दाट व सर्वांत ठळक होत्या! झीज झाकण्यासाठी झिजलेल्या जागीच निरोगीपणाची खूण कोरली होती.

झिजेचे कारण आत सापडले. या यंत्राची तेल घालण्याची तोंडे ग्रीसच्या निपलसारखी दिसतात, आणि कोणा भल्या माणसाने वर्षानुवर्षे तेथे ग्रीस भरले होते. तेलाच्या वाटा मुळात काडीएवढ्या अरुंद. ग्रीस वाळून मेणासारखे झाले, तेल पाटांपर्यंत पोचेना, आणि लोखंड लोखंडावर कोरडे चालत राहिले. रॉकेल आणि तार घेऊन त्या वाटा मोकळ्या करण्यात आमच्या तीन सुट्या गेल्या. ज्याने हे केले त्याच्यावर मात्र आम्हास राग धरता आला नाही. त्याने यंत्रावर प्रेमच केले होते. फक्त त्यास काय हवे हे विचारले नव्हते. अपाय त्याचा मोठा, आणि तरी दोष व्यापाऱ्याचा मोठा, असे आमचे मन का म्हणत होते?

कायद्यात याचे अर्धेच उत्तर आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात असे स्पष्टीकरण आहे की, केवळ मौन म्हणजे फसवणूक नव्हे. उदाहरण घोड्याचे दिले आहे. विकणाऱ्यास घोड्याचे व्यंग ठाऊक आहे व तो लिलावात काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. परंतु घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली कन्या असेल, तर नात्यामुळेच सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा जर म्हणाला की, "तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा निरोगी समजेन", तर विकणाऱ्याचे मौन हेच बोलणे ठरते. कायदेपंडितांनी या तीन ओळींत मनुष्यस्वभावाचा केवढा भाग पकडला आहे! चंद्रकोरी कोरणे हे मात्र मौन नव्हे. ते व्यंग बुद्ध्या झाकणे झाले, आणि ते त्याच कलमान्वये फसवणुकीत मोडते. तरीही आम्ही दावा केला नाही. सरळ पट्टी टेकवून पाहण्यास आम्हास कोणी मनाई केली होती, असा प्रतिवादीचा युक्तिवाद आम्हीच मनात तयार करून बसलो होतो. ही आमच्या धंद्याची खोड.

मग जीर्णावर लेप देणे हेच मुळी असत्य काय? तसे म्हणता येत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाचा स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले इत्यादी द्रव्ये पाण्यात उकळून अष्टमांश उरवावीत, अशी त्यातली कृती आहे. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीवर २०१५ साली पुरातत्त्व खात्याकडून रासायनिक संवर्धन झाले. त्यावर वाद पुष्कळ झाले, पण ते सर्वांच्या देखत झाले. मूर्ती झिजलीच नाही असे कोणी भक्तास सांगितले नाही. आमच्या कुलदेवाचे, श्रीमंगेशाचे, स्थलांतर १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास झाले. आज जे देवालय आपण पाहतो त्यातला दगड कुशस्थळीचा नाही, आणि ही कथा तेथे येणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. ती सांगितल्याने देवाचे माहात्म्य तिळभर उणे झाले नाही. जीर्णोद्धारात किती नवे आणि किती जुने, याचा हिशेब माणसाने हवा तसा ठेवावा. पण तो उघडा असावा. रंग देणारा रंग दिला असे सांगेल, तर तो रंगही खरा.

याच विचारात असता यंत्राच्या पोटातून एक उत्तर बाहेर आले. टेबल उतरवून आम्ही गिब, म्हणजे टेबल व सॅडल यांच्यामधली निमुळती पाचर, बाहेर काढली. तिच्या न दिसणाऱ्या बाजूस एक पातळ पितळी पट्टी बसविलेली होती, आणि पट्टीवर खिळ्यासारख्या टोकाने ओबडधोबड मराठी अक्षरे कोरली होती : "मधे झीज आहे. पट्टी १२. टोकाला जाम होईल, जोर करू नये." खाली नाव नाही, साल नाही. कोण्या कारखान्यातल्या फिटरने बारा सहस्रांश जाडीची पट्टी घालून यंत्र चालते केले, आणि आपली दुरुस्ती अपुरी आहे हे पुढे कधीतरी यंत्र उघडणाऱ्या अनोळखी माणसास कळवून ठेवले. त्यास कायद्याने काही विचारले नव्हते, आणि कोणी ग्राहक समोर उभा नव्हता. आम्ही ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. वीस वर्षांत आम्ही पाहिलेल्या कितीतरी प्रतिज्ञापत्रांपेक्षा तो मजकूर अधिक स्वच्छ होता.

पुढे दोन पावसाळे टेबल व सॅडल यांचे वरचे पाट खरवडण्यात गेले. स्क्रेपर आमचा, नजर फिटर स्नेह्यांची. ब्राँझचा नवा नट करून घेतला. गुडघा मात्र तसाच राहिला. त्याचे पाट खरवडावयाचे तर तो उतरवून मोठ्या पाटावर न्यावा लागतो, आणि तेवढी शक्ती घरच्या पडवीत नाही. म्हणजे व्यापाऱ्याच्या चंद्रकोरीही तशाच राहिल्या. त्या आम्ही कोरल्या नव्हत्या, एवढ्या समाधानावर आम्ही दोन वर्षे काढली.

यंदा कन्येच्या महाविद्यालयाची फी भरावयाची आली, आणि यंत्र विकावे असे ठरले. एका अशिलाचा मुलगा स्वतःचे वर्कशॉप काढतो आहे. तो आला, रंगावरून व चंद्रकोरींवरून त्याने डोळे फिरविले. पाट तपासून पाहा, असे आम्ही म्हणणार तोच तो म्हणाला, "काका, तुमचं मशीन म्हटल्यावर बघायचं काय त्यात?" सांगितलेली किंमत त्याने मान्य केली.

घोड्याच्या तिन्ही गोष्टी एकदम आमच्यापुढे उभ्या राहिल्या. तो परका, की नात्यातला? आमच्या गावात सारे सर्वांनाच काका म्हणतात. त्या हिशेबाने प्रत्येक ग्राहक ही सज्ञान कन्याच होईल आणि कोणासच घोडा विकता येणार नाही. पण तिसरे उदाहरण टाळता येत नव्हते. आणि चंद्रकोरींविषयीचे आमचे समाधानही त्याच क्षणी गळून पडले. त्या दुसऱ्याने कोरल्या हे खरे. पण ठाऊक झाल्यावर ज्याने त्या राहू दिल्या, त्याच्या वतीनेच त्या बोलत होत्या. त्या दिवशी आम्ही काहीच बोललो नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. "उद्या कागद करू," एवढेच म्हणालो. रात्री फीचा आकडा डोळ्यांपुढे होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी स्क्रेपर घेऊन आम्ही गुडघ्याच्या मधल्या भागातील चंद्रकोरी काढून टाकल्या. तीन तास लागले, आणि आधीच झिजलेल्या पाटाचा आणखी थोडा धातू गेला. सत्य सांगण्यासही झीज लागते, असे फिटर स्नेही थट्टेने म्हणाले. मग डायल गेजने मोजून कोठे किती खळगा आहे ते एका कागदावर लिहिले. गिबच्या पितळी पट्टीवरील जुन्या मजकुराखाली आमचीही एक ओळ कोरली. अक्षर त्याच्याइतके सरळ आले नाही.

मुलगा संध्याकाळी आला. त्याने कागद दोनदा वाचला, उघड्या पाटावरून बोट फिरविले, आणि विचारले, "हे तुम्ही मुद्दाम घासून काढलंत?" आम्ही होय म्हटले. वडिलांना विचारून सांगतो, असे म्हणून तो कागद घडी करून खिशात घालून गेला.

त्यास आज अठरा दिवस झाले. फीची मुदत पुढल्या सोमवारी संपते. यंत्र पडवीतच आहे. पाट कोरडे पडू नयेत म्हणून न्यायालयात निघण्यापूर्वी आम्ही रोज तेल देतो आणि टेबल एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आणतो.