जुने शीड आणि मंद वारा

आपला वाशीम जिल्हा समुद्रापासून दूर. तरी वारा पडणे म्हणजे काय, हे खळ्यावर उफणणी केलेल्या वडीलमाणसांस पुसावे. भरलेले सूप हातीच राहते.

नाविकांवरही हीच वेळ येते. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ ह्या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या दिलना व रूपा ह्या दोघी अधिकारी २०२४ च्या ऑक्टोबरात निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २०२५ च्या मे महिन्यात परतल्या. अशा सफरीत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागते, आणि तेथे वारा कित्येकदा अगदीच मंदावतो. सोसाट्याच्या वाऱ्यात जुने शीडही फुगते व त्याचे दोष झाकतात. मंद वाऱ्यात ते उघडे पडतात. कापड ताणून झोळ आलेला असतो. अंगी मुरलेले मीठ ओल धरते, म्हणून ते जड होऊन लोंबते. कारागीर ते गोड्या पाण्याने धुतो, सावलीत वाळवितो, शिवणी उसवून झोळ काढितो व विरलेल्या जागी ठिगळ लावितो. कापडच कुजले असेल तर गोष्ट निराळी.

वारा आणणे त्याच्या हाती नाही. प्रभूने निकदेमास वारा व आत्मा ह्यांविषयी काय सांगितले, ते आठवा. मेळ्याच्या गर्दीत आपलीही शिडे फुगतात. पण पावसाळ्यातील रविवारी उपासनेस पाचच माणसे बसली म्हणजे? उपदेशक बंधूंनो, मीही तेव्हा वाऱ्यासच दोष दिला, आणि मनातील जुना राग मिठासारखा मुरू दिला. ज्या शेजाऱ्याशी गेल्या सुगीपासून बोललो नाही, त्याच्या दारी मी ह्या शनिवारी जाणार आहे.